आजऱ्याच्या कचऱ्यात ऊर्जा किती?

गावाबाहेर साठत जाणारा कचरा आणि दर महिन्याला वाढणारे वीजबिल हे दोन्ही प्रश्न एकाच यंत्राने सुटणार असतील, तर ते कोणाला नको असेल? पुण्या-मुंबईकडे कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प सुरू झाल्याची बातमी आली की लहान गावांतही तोच विषय निघतो. आपल्याकडेही कचरा आहे, आपल्यालाही वीज लागते, मग प्रकल्प का नको? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही हिशेबानेच दिले पाहिजे. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातले आजरा हे अगदी योग्य गाव आहे. हिरण्यकेशीच्या काठावरचे, आंबोली घाटाच्या वाटेवरचे, घनसाळ तांदळाचे आणि काजूचे हे तालुक्याचे ठिकाण. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, वस्ती वाढली, हॉटेले आणि मंगल कार्यालये वाढली आणि कचऱ्याचे स्वरूप शहरी झाले. गावाचा आकार मात्र लहानच राहिला. महाराष्ट्रातली कितीतरी तालुक्याची गावे याच अवस्थेत आहेत. त्यामुळे आजऱ्यापुरता केलेला हिशेब त्यांनाही लागू पडेल. तो केला की एक गोष्ट स्पष्ट होते. घंटागाडीत येणारा मिश्र कचरा इंधन नसतो. तो घरातच वेगळा ठेवला, तर त्यातला एक ठरावीक भाग इंधन होतो. म्हणून प्रकल्प परवडेल की नाही, याचा निकाल यंत्राच्या निवडीआधीच घराच्या दारात लागलेला असतो.

पहिला हिशेब वजनाचा. आपल्याकडच्या लहान शहरांत माणशी दिवसाला साधारण 200 ते 300 ग्रॅम कचरा निघतो, असे सरकारी मार्गदर्शक पुस्तिका सांगतात. आजऱ्याची लोकसंख्या सोयीसाठी 18 हजार धरली आणि बाजार, हॉटेले, कार्यालये यांची थोडी भर घातली, तर रोजचा कचरा पाच टनांच्या आसपास जातो. त्यातला निम्मा ओला, म्हणजे भाजीपाला, खरकटे, फळांची साले, मासळी-मटणाचे टाकाऊ भाग. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, चिंध्या, काच, रबर आणि बरीचशी माती. हे प्रमाण वर्षभर एकच राहत नाही. मे महिन्यात फणसाच्या चारखंडांनी आणि आंब्याच्या कोयींनी गाडी भरते, जुलैत सगळ्यातून पाणी निथळत असते, गणपतीत निर्माल्य येते आणि दिवाळीच्या आधी घराघरांतली अडगळ बाहेर पडते. त्यामुळे एखाद्या आठवड्याच्या नमुन्यावरून वर्षाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते.

कचऱ्याची परीक्षा करण्याची रीत साधी आहे, पण ती क्वचितच नीट पाळली जाते. आधी गाडी वजनकाट्यावर घ्यायची. मग फरशीवर किंवा ताडपत्रीवर कचरा ओतायचा, फावड्याने वर-खाली करून एकजीव करायचा, सपाट पसरायचा आणि त्याचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, दोन काढून टाकायचे. उरलेला कचरा पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करायचे. असे करत शंभर किलोंच्या आसपास नमुना उरला की तो हाताने निवडायचा आणि प्रत्येक प्रकाराचे वजन लिहायचे. शेवटी थोडा कचरा भट्टीत पूर्ण वाळवून पुन्हा तोलायचा. घटलेले वजन म्हणजे त्यातले पाणी. वाळलेला नमुना जाळून उरलेली राख तोलली की माती आणि न जळणारे पदार्थ किती ते समजते. पाणी, राख आणि जळणारा भाग हे तीन आकडे हाती असले की जाळण्याच्या कोणत्याही प्रस्तावाची निम्मी तपासणी तिथेच पूर्ण होते.

आता आजऱ्याच्या पावसाळ्यातला कचरा डोळ्यांसमोर आणू. उदाहरणादाखल शंभर किलो मिश्र कचऱ्यात 60 किलो पाणी, 15 किलो माती-राख आणि 25 किलो खरोखर जळणारा माल धरू. जळणाऱ्या मालाच्या किलोला सरासरी साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते असे मानले, तर एकूण उष्णता 1 लाख 12 हजार 500 किलोकॅलरी होते. पण एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे 600 किलोकॅलरी खर्च होतात. साठ किलो पाण्याने 36 हजार आधीच खाल्ल्या. उरल्या 76 हजार 500, म्हणजे किलोमागे 765. उन्हाळ्यात 45 किलो पाणी, 20 किलो माती आणि 35 किलो जळणारा माल धरला, तर हाच आकडा 1,300 च्या आसपास जातो. आता मापदंड पाहू. कचरा जाळण्याच्या प्रकल्पांविषयी जागतिक बँकेने 1999 मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की कचऱ्याचे उष्णतामूल्य वर्षाची सरासरी काढता किलोमागे 7 मेगाज्यूल असावे आणि कोणत्याही ऋतूत ते 6 मेगाज्यूलच्या, म्हणजे सुमारे 1,430 किलोकॅलरींच्या खाली जाऊ नये. आजऱ्याचा मिश्र कचरा कडक उन्हाळ्यातही या रेषेखाली राहतो आणि पावसाळ्यात तर तिच्या निम्म्यावर येतो. ओले सरपण घातलेली चूल जशी धुरकटत राहते आणि शेवटी रॉकेल मागते, तशी ही भट्टी डिझेल नाहीतर दगडी कोळसा मागेल. मग कचऱ्यापासून ऊर्जा मिळण्याऐवजी कचऱ्यासाठी ऊर्जा विकत घ्यावी लागेल.

हे आपल्या देशात घडून गेले आहे. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 मध्ये डॅनिश तंत्रज्ञानाचा प्रकल्प उभारण्यात आला. तो रोज 300 टन कचरा जाळून पावणेचार मेगावॅट वीज देणार होता. त्याला किलोमागे 1,460 किलोकॅलरींच्या वरचा कचरा हवा होता आणि प्रत्यक्षात मिळाला 600 ते 700 चा. तीन आठवड्यांच्या चाचणीनंतर तो बंद पडला. लखनौमध्ये 2003 च्या सुमारास जाळण्याऐवजी जैववायू करणारा पाच मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. तिथे गाळ, माती आणि प्लॅस्टिक मिसळलेला कचरा येत राहिला आणि तोही लवकरच थांबला. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2018 मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार 1987 पासून देशात उभारलेल्या 15 प्रकल्पांपैकी 7 बंद पडले होते. तिमारपूरला भट्टी होती, लखनौला टाकी होती. दोन यंत्रांत काहीच साम्य नव्हते, तरी दोन्ही एकाच कारणाने पडली, कारण यंत्र ज्या मालासाठी बनवले होते तो माल शहराने दिलाच नाही.

इथे साखरपट्ट्यातला कोणीही एक नेमका आक्षेप घेईल. चरकातून निघणारा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, हाही निम्मा पाण्यानेच भरलेला असतो, तरी कोल्हापूर जिल्ह्यातले कारखाने त्यावर बॉयलर चालवतात, स्वतःची वीज भागवतात आणि उरलेली विकतातही. मग ओला कचरा का जळू नये? आक्षेप चांगला आहे, कारण फरक नेमका कुठे आहे ते त्याने कळते. शंभर किलो बगॅसमध्ये पाणी 50 किलो असले, तरी राख जेमतेम दोन किलो असते. उरलेले 48 किलो म्हणजे जवळजवळ शुद्ध तंतू. पाण्याची वाफ होऊनही त्यातून किलोमागे पावणेदोन हजार किलोकॅलरींच्या आसपास निव्वळ उष्णता हाती लागते. कचऱ्यात पाणी तेवढेच किंवा थोडे जास्त असेल, पण जळणारा माल निम्माच असतो आणि त्याच्या जागी माती बसलेली असते. शिवाय बगॅस सगळा एका जातीचा असतो आणि ऊस कारखान्यात आणण्याचा खर्च साखरेच्या खात्यावर आधीच पडलेला असतो. कचऱ्यात क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक येते. त्याने बॉयलरच्या नळ्या गंजतात आणि जळणातून डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होऊ शकतात. ती रोखायची तर धूर 850 अंश सेल्सिअसच्या वर निदान दोन सेकंद राहावा लागतो आणि पुढे तो धुणारी, गाळणारी महागडी यंत्रणा बसवावी लागते. म्हणून कारखान्याच्या बॉयलरमध्ये थोडा कचराही ढकलू, हा मार्ग सोयीचा वाटला तरी तो धरू नये. काजूच्या टरफलांचेही असेच आहे. ती उत्तम जळतात, त्यांना तेलासाठी आणि इंधनासाठी गिऱ्हाईक आहे आणि म्हणूनच ती घंटागाडीत येत नाहीत. ज्या टाकाऊ मालात खरोखर ऊर्जा असते, त्याला बाजार आधीच मिळालेला असतो. नगरपंचायतीच्या वाट्याला येते ते त्यातून उरलेले.

दुसरा अडसर आकाराचा. धूर शुद्ध करण्याची यंत्रणा लहान भट्टीलाही लागते आणि मोठीलाही. लहान भट्टीत तिचा खर्च टनामागे अवाच्या सवा पडतो. म्हणूनच जागतिक बँकेच्या त्या मार्गदर्शिकेने जाळण्याच्या प्रकल्पाला वर्षाला किमान 50 हजार टन कचरा हवा असे सांगितले. रोज पाच टनांच्या हिशेबाने तेवढा कचरा जमवायला आजऱ्याला 27 वर्षे लागतील. 1 ऑगस्ट 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेला पिंपरी-चिंचवडचा मोशी येथील प्रकल्प वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा वापरण्यासाठी बांधला आहे आणि त्याचा खर्च सुमारे 300 कोटी रुपये आहे. त्या शहराची लोकसंख्या 2011 मध्येच 17 लाखांच्या वर होती. त्या यशाचा दाखला आजऱ्याला देणे म्हणजे आकडा न पाहता तुलना करणे होय. आजूबाजूची गावे एकत्र करून समूह प्रकल्प करू, असाही पर्याय पुढे येतो. गडहिंग्लज, चंदगड आणि आजरा मिळून कचरा फार तर वीस-तीस टनांवर जाईल. गरज आहे रोज 137 टनांची. कोल्हापूर शहरापर्यंत कचरा न्यायचा तर ऐंशी-नव्वद किलोमीटरची वाहतूक आली आणि त्या गाडीतल्या मालात निम्म्याहून अधिक पाणी असणार. डिझेल जाळून पाणी वाहून न्यायचे, हा व्यवहार कोणत्याच वहीत बसत नाही.

स्वीडनचे उदाहरणही हमखास दिले जाते. तो देश घरगुती कचऱ्यातला जवळपास निम्मा भाग जाळतो आणि शेजारच्या देशांतून कचरा आयातही करतो. हे खरे आहे, पण त्यामागची परिस्थिती पूर्ण सांगितली जात नाही. तिथे हिवाळा कडक असतो आणि शहरांखाली गरम पाण्याच्या नळ्यांचे जाळे असते. भट्टीतली उष्णता थेट घरे उबदार ठेवायला जाते आणि विकली जाते. नुसती वीज करायची तर कचऱ्यातल्या उष्णतेचा पाचवा ते चौथा हिस्साच हाती येतो, बाकीची वाया जाते. आजऱ्यात त्या गरम पाण्याला गिऱ्हाईक नाही. शिवाय स्वीडनने 2002 मध्ये जळणारा कचरा आणि 2005 मध्ये सेंद्रिय कचरा डेपोत टाकण्यावर बंदी घातली, त्याआधी 2000 मध्ये डेपोवर कर बसवला. भट्टीकडे जाणारा माल कोरडा राहावा म्हणून अन्नकचरा वेगळा गोळा केला जातो. तिथल्या यंत्राचे कौतुक करताना त्याआधीची ही शिस्त वगळली, तर उदाहरण दिशाभूल करते.

पैशाचा मुद्दाही असाच उलगडून पाहिला पाहिजे. 2015 मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने कचऱ्यापासूनच्या विजेसाठी ठरवलेला दर युनिटला सात रुपयांच्या वर होता. दोनच वर्षांनी राजस्थानातल्या भडला येथे सौर विजेची बोली अडीच रुपयांच्या खाली गेली. म्हणजे नुसती वीज हवी असेल, तर कचरा हा तिचा महागडा मार्ग आहे. याचा अर्थ कचऱ्यापासून ऊर्जा करूच नये असा नव्हे. अर्थ इतकाच की हा वीजप्रकल्प म्हणून मोजू नये, कचरा निकालात काढण्याची सेवा म्हणून मोजावा आणि मिळणारी ऊर्जा त्या सेवेवरची सूट समजावी. हा दृष्टिकोन घेतला की आजऱ्यासाठी एक दार खरोखर उघडते. ते भट्टीचे नाही, टाकीचे आहे.

ओल्या कचऱ्यातले जे पाणी भट्टीला नको असते, तेच जैववायूच्या टाकीला हवे असते. बंद टाकीत, हवेवाचून, जीवाणू अन्नाचे आधी साध्या साखरेत आणि आम्लांत रूपांतर करतात आणि मग दुसरे जीवाणू त्या आम्लांपासून मिथेन करतात. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्येच मैल्यापासून वायू तयार केला जात होता. गोबरगॅस तर कोल्हापूरच्या शेतकऱ्याला घरचा विषय आहे. पुण्याच्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्या अन्नावर चालणारे घरगुती संयंत्र तयार केले आणि 2006 मध्ये संस्थेला त्यासाठी ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या निसर्गऋण तंत्रात मुख्य टाकीआधी आणखी एक गरम टाकी असते. तिथे कचरा आधी मऊ होतो आणि पुढचे काम लवकर उरकते. शेणापेक्षा अन्नकचऱ्याला वायू जास्त, कारण शेण जनावराच्या पोटात एकदा पचून आलेले असते. एक किलो शेणातून साधारण 40 लिटर वायू मिळतो, तर एक किलो स्वच्छ अन्नकचऱ्यातून 80 ते 100 लिटर.

या आकड्यांवर आजऱ्याचा हिशेब बसवू. पाच टनांतला अडीच टन ओला. त्यातला निम्मा जरी खरोखर स्वच्छ मिळाला, तरी सव्वा टन. त्यातून रोज सुमारे 100 घनमीटर वायू मिळेल. उष्णतेच्या हिशेबाने हा वायू 43 किलो एलपीजीच्या जवळपास, म्हणजे 14.2 किलोचे तीन घरगुती सिलिंडर. त्याचीच वीज केली तर घनमीटरमागे दीड युनिट धरून 150 युनिट होतात. पंप, क्रशर, ढवळणी यांचा खर्च वजा जाता हाती 120. तीस वॅटचे सुमारे साडेतीनशे एलईडी पथदिवे रात्रभर त्यावर चालतील. ऐकायला हे चांगले वाटते, पण गावातली चार हजार घरे प्रत्येकी महिन्याला शंभर युनिट वापरतात असे धरले, तर त्या मागणीचा एक टक्काही यात भागत नाही. तेवढीच वीज शाळेच्या किंवा नगरपंचायतीच्या छपरावरचे 30 किलोवॅटचे सौर पॅनेल विनाकटकट देईल. म्हणून हा वायू इंजिनात घालून वीज करण्यापेक्षा थेट चुलीला देणे शहाणपणाचे. लहान इंजिन त्यातल्या उष्णतेचा पाव हिस्साच कामी लावते, शेगडी निम्म्याहून अधिक. एखादे वसतिगृह, मोठी खानावळ किंवा मंगल कार्यालय संयंत्राला लागून असेल, तर नळीही लांब न्यावी लागत नाही. सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर रोजचे 2,700, महिन्याचे 81 हजार रुपये वाचतात. चार-पाच कामगारांचा पगार त्यातून निघेल, देखभाल काही अंशी भागेल, उभारणीचा खर्च मात्र निघणार नाही. तो अनुदानातून किंवा कचरा डेपोवरचा खर्च वाचवूनच निघेल. हे आधीच उघडपणे सांगितले, तर पाच वर्षांनी संयंत्र तोट्यात गेल्याची ओरड होणार नाही.

मग नुसते खत का करू नये, असा आक्षेप इथे येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. खताला यंत्र कमी लागते, कौशल्य कमी लागते आणि ऊस-भाताच्या तालुक्यात गिऱ्हाईक दारात आहे. पालिकांच्या खताला राज्याने हरित महासिटी कंपोस्ट हे नावही दिले आहे. सुक्या तालुक्यात मी हाच सल्ला दिला असता. पण आजऱ्याला सह्याद्रीचा पाऊस आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावरच्या ढिगात पाणी मुरते, हवा कोंडते, कुजण्याऐवजी सडणे सुरू होते आणि काळे पाणी उताराने ओढ्याला आणि ओढ्यावाटे हिरण्यकेशीला मिळते. त्या सडण्यातून निघणारा मिथेन हवेत जातो आणि शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट हवा तापवतो. शिजलेले अन्न, मासळी, मटण यांना खतात वासही फार येतो आणि कुत्री गोळा होतात. बंद टाकीला पावसाची भीती नाही आणि वायूही वाया जात नाही. उलट पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या, फांद्या यांतला कठीण तंतू टाकीतल्या जीवाणूंना पचत नाही, तो पत्र्याच्या शेडखाली खतालाच गेला पाहिजे. म्हणजे दोन्ही हवेत, आणि कोणता कचरा कुठे जाणार याची वाटणी पावसानेच करून ठेवली आहे. टाकीतून निघणारी स्लरीही खताच्या ढिगावर घालता येते.

टाकी साधी असली तरी ती चुका पोटात घालत नाही. सकाळी कचरा क्रशरच्या तोंडाशी येतो तेव्हा एक माणूस हातमोजे घालून तो चाळत असतो. स्टीलचा चमचा, मेणबत्तीचे बुडखे, गाठ मारलेली दुधाची पिशवी आणि तिच्यात कालचा भात. चमचा सुटला तर क्रशरची पाती मोडतात, पिशवी सुटली तर टाकीत तरंगून वर साय धरते आणि वायूची वाट अडते. एकाच दिवशी लग्नाचे सगळे जेवण ओतले तर आम्ल वाढते, मिथेन करणारे जीवाणू मंदावतात आणि नळीतून जो वायू येतो तो पेटत नाही. लिंबू-मोसंबीच्या सालींचे वजन फार झाले तरी हेच. वायूतले हायड्रोजन सल्फाइड लोखंडाच्या किसातून गाळून काढले नाही तर शेगडी आणि इंजिन गंजतात. म्हणून रोजची आम्लता तपासणारा, किती घालायचे ते ठरवणारा आणि पगारावर टिकून राहणारा एक जाणता माणूस हा या प्रकल्पाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. निविदेत त्याचा खर्च सहसा नसतो आणि संयंत्रे बहुतेक त्यामुळेच गंजत पडतात.

लोक कचरा वेगळा ठेवत नाहीत, हा शेवटचा आणि सर्वांत निराश करणारा आक्षेप. त्याचे उत्तर आजऱ्याहून फार लांब नाही. आंबोली घाट उतरून सावंतवाडीपुढे गेले की वेंगुर्ला लागते. 2011 च्या जनगणनेत जेमतेम बारा हजारांची ही नगरपरिषद, म्हणजे आजऱ्याहून लहान. 2015 नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने तिथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला. ओल्या कचऱ्याचा वायू होऊ लागला, प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात जाऊ लागले, सुक्या पालापाचोळ्याच्या इंधनविटा झाल्या आणि जुना डेपो लोकांना दाखवण्याची जागा झाला. वेंगुर्ल्याचे लोक काही वेगळ्या मातीचे नाहीत. तिथे रोजच्या गाडीने मिसळलेला कचरा उचलायचे नाकारले आणि वेगळा दिलेला कचरा पुन्हा एकत्र केला नाही. लोकांना खरी चीड येते ती दुसऱ्या गोष्टीची. दोन डब्यांत वेगळा ठेवलेला कचरा गाडीत एकाच कप्प्यात पडताना दिसला, की त्यानंतर कोणतेही प्रबोधन उपयोगी पडत नाही.

ओले टाकीत, पालापाचोळा खतात, कागद-काच-धातू भंगारात गेल्यावर जे उरते त्यात चिप्सची पाकिटे, फाटकी पादत्राणे, चिंध्या असा दहा टक्क्यांच्या आसपासचा माल असतो. यात ऊर्जा आहे, पण ती आजऱ्यात मोकळी करायची नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी किलोमागे 1,500 किलोकॅलरींच्या वरचा, पुनर्वापर न होणारा कचरा डेपोत टाकू नये, त्याचा ऊर्जेसाठी उपयोग करावा असे सांगितले आणि तो सिमेंटच्या भट्ट्यांकडे नेण्याचा मार्ग खुला केला. तिथे चुनखडी 1,450 अंशांना भाजली जाते. त्या तापमानात विषारी संयुगे टिकत नाहीत आणि राखही सिमेंटमध्येच बांधली जाते. गोव्यात साळगाव येथे 2016 मध्ये रोज 100 टनांवर सुरू झालेला आणि पुढे 250 टनांवर गेलेला प्रकल्प नेमके हेच करतो. ओल्यापासून वायू आणि वीज, सुक्याचे गठ्ठे करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना. आजऱ्याचा असा माल रोज चार-पाचशे किलो, म्हणजे महिन्याकाठी दहा-पंधरा टन भरेल. दाबून गठ्ठे केले आणि पावसापासून झाकून ठेवले, तर महिन्याला एक-दीड ट्रक. गडहिंग्लज आणि चंदगडला सोबत घ्यायचे ते इथे, वाहतूक वाटून घेण्यासाठी. समूहाची कल्पना ओल्या कचऱ्याला लागू पडत नाही, सुक्या गठ्ठ्यांना उत्तम लागू पडते.

एक सावधगिरी करारात घेतली पाहिजे. मोठ्या प्रकल्पाचा ठेकेदार रोज अमुक टन कचरा देण्याची हमी मागतो आणि ती पुढची वीस-पंचवीस वर्षे गावाला बांधून ठेवते. मग कचरा कमी करणे हेच नगरपंचायतीच्या तोट्याचे होते. पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या भट्टीला द्याव्या लागतात आणि त्या वेचून घर चालवणाऱ्या बायांच्या हातचे काम जाते. पुनर्वापरात वाचणारी ऊर्जा जाळून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा बहुतेक वेळा जास्त असते, याचा तर त्या हिशेबात उल्लेखही नसतो.

तेव्हा आजऱ्यात कचऱ्यापासून ऊर्जा शक्य आहे का? मिश्र कचरा जाळून वीज करणे शक्य नाही. पाणी, माती आणि गावाचा आकार या तिन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध आहेत आणि नवे यंत्र आणून त्यातली एकही बदलत नाही. वेगळ्या ठेवलेल्या ओल्या कचऱ्यापासून स्वयंपाकाचा वायू करणे शक्य आहे, परवडणारे आहे आणि या पावसाच्या प्रदेशात आवश्यकही आहे. मात्र तो प्रकल्प वर्षभराच्या मोजणीनंतर, एका टनाच्या टाकीपासून, जाणता माणूस नेमून आणि वायूचे गिऱ्हाईक आधी ठरवूनच व्हावा. एक टाकी दोन पावसाळे नीट चालली की दुसरी घालता येते. आजऱ्याने प्रकल्प अहवाल मागवण्याआधी वजनकाटा विकत घ्यावा आणि घंटागाडीला पक्की विभागणी असलेले कप्पे करून घ्यावेत. हा खर्च काही लाखांत भागतो, पुढच्या प्रत्येक निर्णयाला तो उपयोगी पडतो आणि तो न करता केलेला कोट्यवधींचा खर्च पाण्यात जातो, हे तिमारपूर आणि लखनौने आपल्या वतीने किंमत मोजून दाखवून दिले आहे.